लेस बांधता येते का? : बालसंधिवाताच्या प्रश्नावल्यांचा भाषांतर-इतिहास

२००१ साली 'क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल रुमॅटॉलॉजी' या इटलीतून निघणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकाने एक जाडजूड पुरवणी काढली. बत्तीस देशांत झालेल्या एकाच कामाचे वृत्तान्त तीत एकापाठोपाठ एक छापलेले आहेत. त्यांची मांडणीच नव्हे, पुष्कळशी वाक्येही सारखी आहेत. संधिवात झालेल्या मुलांच्या आईवडिलांनी भरावयाच्या दोन प्रश्नावल्या आपापल्या भाषेत कशा आणल्या, हे प्रत्येकाने सांगितले आहे. अर्जेंटिनाची स्पॅनिश वेगळी, मेक्सिकोची वेगळी, स्पेनची वेगळी. तुर्की आहे, जॉर्जियन आहे, कोरियन आहे. आणि या रांगेत एक लेख ब्रिटिश इंग्रजी आवृत्तीचाही आहे. मूळ प्रश्नावल्या अमेरिकन इंग्रजीत होत्या. म्हणजे इंग्रजीतून इंग्रजीत रूपांतर करून, ते खऱ्या आईबापांवर तपासून, आकड्यांनिशी सिद्ध करून छापण्यात आले.

हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला हसू आले, हे कबूल केले पाहिजे. मग लक्षात आले की हसण्यासारखे त्यात काही नाही. नळाला अमेरिकन माणूस 'फॉसेट' म्हणतो, कचऱ्याला 'ट्रॅश' म्हणतो, बाळाच्या कठड्याच्या पलंगाला 'क्रिब' म्हणतो, आणि ब्रिटिश आईच्या तोंडी यांपैकी एकही शब्द सहजी येत नाही. दवाखान्याच्या बाकावर, कडेवर दुखणाईत मूल घेऊन बसलेल्या बाईला एखाद्या शब्दापाशी थबकावे लागले, तर ती अंदाजाने खूण करते, आणि त्या खुणेचा आकडा होतो.

साहित्याची चर्चा करणाऱ्या या पानावर वैद्यकातल्या प्रश्नावल्या कशासाठी, असे कोणी विचारील. आम्ही भाषांतर शिकवतो. भाषांतराची निष्ठा मोजता येत नाही, असे आम्ही वर्गात सांगत आलो. इकडे डॉक्टरांचा एक मोठा समूह गेली तीन दशके ती मोजतो आहे, आणि त्या मोजमापावर एखादे औषध मुलांना उपयोगी पडते की नाही याचा निर्णय काही अंशी अवलंबून आहे. भाषांतर चुकले तर कवितेचे नुकसान होते. येथे चुकले तर कोणाचे होते, हे पाहावे असे वाटले.

मुलांना होणाऱ्या दीर्घकालीन संधिवाताचे पहिले नीट वर्णन लंडनच्या जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी १८९७ मध्ये केले. बावीस मुलांची ती हकिगत आहे आणि तीत बोलतो तो डॉक्टर. मुले आणि त्यांच्या आया त्याच्या वाक्यांतूनच दिसतात. पुढे १९४९ साली अमेरिकेत ओटो स्टाइनब्रोकर आणि सहकाऱ्यांनी संधिवाताच्या प्रौढ रुग्णांचे, त्यांना काय करता येते यावरून, चार वर्ग पाडले. वर्ग ठरवायचा तोही डॉक्टरनेच. रुग्णाला स्वतःला विचारावे आणि त्याचे उत्तर हेच मोजमाप मानावे, ही कल्पना रुळायला आणखी तीन दशके जावी लागली. स्टॅनफर्डच्या जेम्स फ्राइझ यांनी १९८० मध्ये 'हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर' मांडली. तिच्यामागचा विचार साधा होता. रुग्णाला पाच गोष्टी टाळायच्या असतात : मृत्यू, अपंगत्व, वेदना, औषधांचे दुष्परिणाम आणि खर्च. तर मग मोजायचे ते हेच. रक्तातला कुठलासा घटक किती वाढला, याच्याशी रुग्णाला तितकेसे कर्तव्य नसते.

याच प्रश्नावलीचा मुलांसाठीचा अवतार म्हणजे 'चाइल्डहुड हेल्थ असेसमेंट क्वेश्चनेअर'. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'सीएचएक्यू' किंवा नुसते 'चॅक' म्हणतात. आम्हीही पुढे तेच म्हणू. गुरकिरपाल सिंग, बालू अथ्रेया, फ्राइझ आणि डोनाल्ड गोल्डस्मिथ यांनी ती १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. चार नावांपैकी दोन भारतीय आहेत, हे मुद्दाम नोंदवतो. पुढे त्याची आठवण ठेवावी. आणखी एक गंमत अशी की तिची स्वीडिश आवृत्ती १९९३ मध्येच छापून झाली होती. मूळ छापले जाण्याआधी त्याचे भाषांतर छापले जावे, हा योग वाङ्मयाच्या इतिहासातही क्वचितच येतो.

'चॅक'मध्ये तीस प्रश्न आहेत आणि ते आठ गटांत विभागलेले आहेत : कपडे घालणे आणि आवरणे, उठणे, खाणे, चालणे, स्वच्छता, हात पोचणे, पकड आणि इतर कामे. गेल्या आठवड्यात आपल्या मुलाला अमुक गोष्ट विनासायास करता आली, थोड्या त्रासाने, पुष्कळ त्रासाने, की मुळीच करता आली नाही? शून्य ते तीन असे गुण. शिवाय पाचवा एक चौकोन आहे, 'लागू नाही' असा. हे प्रश्न वाचताना एक घर उभे राहते. बुटांच्या लेस आणि शर्टाची बटणे. पायमोजे. डोक्यावरून चढवायचा स्वेटर. आपल्या ताटातले मांस स्वतः कापणे. न्याहारीच्या सीरियलचे नवे खोके फोडणे. अंघोळीच्या टबात उतरणे आणि बाहेर येणे. गोल मूठ फिरवून उघडायचे दार. मोटारीचे दार. तीनचाकी सायकल. कचरा बाहेर नेऊन ठेवणे, अंगणाची निगा. कादंबरीकाराने एखाद्या उपनगरातल्या मध्यमवर्गीय मुलाचा दिवस लिहायला घेतला तर वस्तूंची यादी याहून फारशी निराळी होणार नाही. ज्या मुलांसाठी ती लिहिली, त्यांच्या दृष्टीने ती चोख आहे.

गुण देण्याची रीत मात्र ध्यानात घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. प्रत्येक गटात ज्या प्रश्नाला सर्वांत जास्त त्रास नोंदला गेला, तोच त्या गटाचा गुण. बाकीचे प्रश्न जणू विचारलेच नव्हते. मग आठ गटांच्या गुणांची सरासरी. म्हणजे प्रत्येक गटात एकच प्रश्न खरोखर बोलतो, सर्वांत कठीण असलेला. आता तो सर्वांत कठीण प्रश्नच यादीत नसेल तर?

याचे उत्तर देण्याआधी ही यादी जगभर का पसरली, ते सांगितले पाहिजे. बालसंधिवात हा फार मोठ्या संख्येने होणारा आजार नव्हे. एका शहरात, बहुधा एका देशातही, औषधाची चाचणी घेण्याइतकी मुले मिळत नाहीत. त्यातून आजाराला नावही एक नव्हते. अमेरिकन मंडळी एक नाव वापरीत आणि सहा आठवडे सूज राहिली तर निदान करीत. युरोपीय मंडळी दुसरे नाव वापरीत आणि तीन महिने वाट पाहत. दोन्ही याद्यांत बसणारी मुलेही नेमकी तीच नव्हती. सान्तियागो, डर्बन आणि एडमंटन येथील बैठकांतून, १९९४ ते २००१ या काळात, 'जुव्हेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस' हे समान नाव आणि त्याचे निकष ठरत गेले : सोळा वर्षांच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला, कारण न सापडलेला. 'कारण न सापडलेला' हे नावातच घालण्याचा प्रांजळपणा आम्हांला आवडतो.

याच सुमारास, १९९६ मध्ये, इटलीतील अल्बेर्तो मार्तिनी आणि निकोलिनो रुपेर्तो यांनी 'प्रिंटो' ही बालसंधिवाताच्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांसाठीची संघटना उभी केली. जेनोव्याच्या गास्लिनी बालरुग्णालयात आज तिचे केंद्र आहे. पुढच्याच वर्षी, १९९७ मध्ये, एडवर्ड जिआनिनी आणि सहकाऱ्यांनी औषध लागू पडले असे केव्हा म्हणायचे याची व्याख्या दिली. सहा मोजमापे ठरली. डॉक्टरचे मत, पालकाचे किंवा मुलाचे मत, सुजलेले सांधे, हालचाल कमी झालेले सांधे, रक्ताची एक तपासणी, आणि सहावे 'चॅक'सारख्या प्रश्नावलीने मोजलेली कार्यक्षमता. सहांपैकी किमान तिहींत तीस टक्के सुधारणा हवी आणि एकाहून अधिकांत तीस टक्क्यांपेक्षा जास्त बिघाड नको. २००० साली एटानरसेप्ट या औषधाची ६९ मुलांवरची चाचणी याच व्याख्येने तोलली गेली आणि उपचारांचे एक नवे युग सुरू झाले. 'प्रिंटो'ची मेथोट्रेक्सेटच्या मात्रेविषयीची २००४ ची चाचणी ६३३ मुलांची आणि अनेक देशांची. आता इतक्या देशांतल्या आया एकाच प्रश्नाला उत्तर देत आहेत, याची खात्री कशी द्यायची? बत्तीस देशांच्या पुरवणीचा जन्म या गरजेतून झाला. तिच्यासाठी सहा हजारांहून अधिक मुलांची माहिती गोळा करण्यात आली, त्यांत जवळपास निम्मी निरोगी होती.

पद्धतही ठरीव होती. फ्रान्सिस गिलमँ, क्लेअर बोंबार्डिए आणि डॉर्कस बीटन यांनी १९९३ मध्ये मार्गदर्शक सूत्रे दिली होती. दोन-तीन जणांनी स्वतंत्रपणे भाषांतर करायचे. मूळ मजकूर न पाहिलेल्या दोन-तीन जणांनी ते पुन्हा इंग्रजीत न्यायचे. मग समितीने बसून दोन्ही ताडायचे. शेवटी पालकांपुढे वाचून 'यातून तुम्हांला काय कळले?' असे विचारायचे. समितीने पाहावयाची समतुल्यता चार प्रकारची : शब्दार्थाची, वाक्प्रचाराची, अनुभवाची आणि संकल्पनेची. आपल्याकडे भाषांतरमीमांसेच्या अभ्यासक्रमांत हे नाव कोठे येत नाही, पण अनुभवाची समतुल्यता ही कोटी आमच्या मते नायडांच्या कोटींइतकीच विचारार्ह आहे. पायमोजे न घालणाऱ्या देशात पायमोज्यांचा प्रश्न भाषेच्या दृष्टीने निर्दोष भाषांतरित होऊनही निरर्थक राहतो, हे ती मान्य करते. दुसरी प्रश्नावली, 'चाइल्ड हेल्थ क्वेश्चनेअर', हिच्याबद्दल येथे फार लिहीत नाही. ती मुलाचा स्वतःविषयीचा आदर, कुटुंबातला एकोपा अशा गोष्टी विचारते, आणि तिच्या अडचणींवर स्वतंत्र लेख लागेल.

पुन्हा मूळ भाषेत नेऊन ताडण्याच्या रीतीला, आपण तिला उलट-भाषांतर म्हणू, शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती रिचर्ड ब्रिस्लिन यांच्या १९७० च्या निबंधाने. त्याच वर्षी ओसवाल्ड वर्नर आणि डोनाल्ड कॅम्बेल यांनी एक निराळी सूचना केली होती. वर्नर नावाहो भाषेचे अभ्यासक. त्यांचे म्हणणे असे की चांगल्या भाषांतरात दोन्ही बाजूंना बदलायची मुभा हवी. नावाहोत एखादा प्रश्न बसत नसेल तर इंग्रजी प्रश्नच बदला, दोघांना जमेल अशा जागी या. याला त्यांनी केंद्र सोडणे म्हटले. वैद्यकाने ब्रिस्लिन घेतला आणि वर्नर-कॅम्बेल पाठीमागे ठेवले. कारण उघड आहे. बत्तीसपैकी प्रत्येक भाषेला मूळ बदलू दिले तर मूळ उरतच नाही, आणि मागच्या चाचण्यांशी तुलना करता येत नाही. आम्हांला ते कारण पटते. पण त्याची किंमत कोणी दिली हेही दिसते.

'उठणे' या गटातला प्रश्न पाहा. मुलाला बुटक्या खुर्चीवरून किंवा जमिनीवरून उठता येते का? इंग्रजीतला 'किंवा' येथे निरुपद्रवी आहे. जमीन ही खेळण्याची जागा, खुर्ची ही बसण्याची, दोन्हींवरून उठणे साधारण एकच. जेथे जेवण, अभ्यास, पाहुणा, पूजा सगळे जमिनीवर होते तेथे त्या 'किंवा'च्या दोन बाजूंत सबंध आजार मावतो. गुडघा सुजलेल्या मुलाला खुर्चीवरून उठता येते आणि मांडी घालून बसल्यावर, भिंतीचा आधार घेतल्याखेरीज, उठता येत नाही. आई कोणत्या अर्ध्याला उत्तर देणार? स्वच्छतेच्या गटातही तेच. टबात उतरणे आणि शौचाच्या बैठकीवर बसणे-उठणे असे दोन प्रश्न आहेत. उकिडवे बसण्याचा नाही. सर्वांत कठीण प्रश्नच गुण ठरवणार असेल आणि तोच विचारलेला नसेल, तर मूल कागदावर बरे दिसते. आणि औषध घेऊन त्याला पुन्हा उकिडवे बसता येऊ लागले, तर ती सुधारणाही कागदावर उमटत नाही. व्याख्येतले तीस टक्के कोठून यायचे?

भारतात याचे पहिले ठळक उत्तर प्रौढांच्या प्रश्नावलीत मिळाले. कुमार, मालवीय आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फ्राइझ यांच्या प्रश्नावलीची भारतीय आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत बारा प्रश्न आहेत, आणि उकिडवे बसणे किंवा मांडी घालणे त्यांत आहे. येथे टब भाषांतरित झाला नाही, काढला गेला; त्याच्या जागी या घरातली हालचाल आली. अनुभवाची समतुल्यता गंभीरपणे घेतली म्हणजे भाषांतरकार लेखक होतो, त्याचे हे स्वच्छ उदाहरण. 'चॅक'च्या चार लेखकांतील दोन भारतीय नावांची आठवण येथे होते. तीस प्रश्न लिहिताना त्यांच्यापुढे अमेरिकेतली मुले होती आणि त्यांनी त्यांच्याविषयीच लिहिले, यात गैर काही नाही. माणूस कोठून आला यापेक्षा समोर कोण बसले आहे, यावर प्रश्न ठरतात.

मराठीचा प्रत्यक्ष संबंध पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणशी येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमाखाली १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी तेथे घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांना सांधेदुखीबद्दल विचारले. या कार्यक्रमाच्या प्रश्नावलीत माणसाच्या शरीराचे एक रेखाचित्र असते. दुखते कोठे ते त्यावर दाखवायचे. भाषा अडते तेथे बोट ठेवायची ही सोय आम्हांला मोठी शहाणपणाची वाटते. कोठे ते बोट सांगते. कसे आणि किती, हे मात्र पुन्हा भाषेकडेच येते.

गेली काही वर्षे आम्ही 'चॅक'चे निवडक प्रश्न भाषांतराच्या वर्गात मराठी करायला देतो. केवळ सराव म्हणून. दवाखान्यात वापरण्यासाठी नव्हे, ते काम अधिकृत परवानगीने आणि पद्धतशीर तपासणीने करावे लागते. पहिल्या फेरीत विद्यार्थी वस्तू बदलतात. सीरियलच्या खोक्याचा बिस्किटाचा पुडा होतो, मांस कापण्याऐवजी भाकरी मोडणे येते. मग कोणीतरी विचारते की भाकरी बोटांनी मोडतात, मांस सुरीने कापतात. ही एकच कृती का? मनगट वेगळे, जोर वेगळा. वस्तू सारखी नसली तरी चालेल, सांधा तोच हवा. म्हणजे शब्दकोशाबरोबर शरीरशास्त्राचे पुस्तकही उघडून बसावे लागते. कवितेच्या भाषांतरात प्रतिमेऐवजी प्रतिमा ठेवताना ती आत काय काम करत होती ते पाहा, असे आम्ही सांगत असू. ते इतके शब्दशः खरे असेल असे वाटले नव्हते.

खरी अडचण मात्र वस्तूंत नव्हती, क्रियापदात होती. मुलाला लेस बांधता येते का? सगळ्या वर्गाने असेच लिहिले, आम्हीही लिहिले असते. वर्गात एक विद्यार्थिनी होती, तिच्या धाकट्या भावाला लहानपणापासून हा आजार. ती म्हणाली, आईला असे विचारले तर ती म्हणेल, येते की, पहिलीतच शिकला. कारण 'येते' म्हणजे शिकलेला आहे. त्या आठवड्यात बोटे सुजली म्हणून त्याने बांधली नाही, ही गोष्ट 'येते'त बसत नाही. आई काय म्हणते मग? आई म्हणते, "त्याच्याने बांधवत नाही."

मराठी व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. मला चालवत नाही, तिला बसवत नाही, आजीला आता उठवत नाही. कौशल्य आहे, इच्छा आहे, शरीर देत नाही. एवढे सगळे एका प्रत्ययात. अपंगत्व मोजू पाहणाऱ्या माणसाला याहून नेमके रूप कोणती भाषा देणार? इंग्रजी प्रश्नातला 'एबल' येणे आणि -वणे या दोन्हींना एकाच पोत्यात भरतो. आता उलट-भाषांतराचा न्याय पाहा. 'बांधता येते का' इंग्रजीत परत नेले तर मूळ प्रश्न जसाच्या तसा मिळतो. 'बांधवते का' परत नेले तरी तोच मिळतो. परीक्षा दोघांनाही सारखेच उत्तीर्ण करते. मराठीत एक चूक आणि एक बरोबर आहे, हे इंग्रजीच्या खिडकीतून दिसूच शकत नाही. दिसते ते शेवटच्या पायरीवर, आईला विचारल्यावर, आणि तेही विचारणाऱ्याला ऐकण्याची सवय असेल तर.

तरी या रूपाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ते नकारात शोभते, होकारार्थी प्रश्नात अवघडते. 'तुझ्याने लेस बांधवते का?' असे कोणी सहसा विचारत नाही. शिवाय 'थोडे बांधवते', 'पुष्कळ त्रासाने बांधवते' अशा पायऱ्या त्याला लावायला गेले की भाषा कुरकुरते. शेवटी वर्गाने 'गेल्या आठवड्यात त्याला लेस बांधायला जड गेले का?' अशी वाट काढली. 'त्रास' शब्दही त्यामुळे टळला, कारण मराठीत त्रास म्हटले की आई दुखण्याविषयी बोलू लागते, आणि दुखण्याचा प्रश्न पुढे वेगळा आहे.

त्या दुखण्याच्या प्रश्नाला 'चॅक'मध्ये शब्दच नाहीत. पंधरा सेंटिमीटरची एक आडवी रेघ आहे, एका टोकाला वेदना नाही, दुसऱ्या टोकाला अतिशय वेदना. आईने मध्ये कोठेतरी खूण करायची. रेघेचे भाषांतर करावे लागत नाही, हा तिचा गुण. ठणका, कळ, चमक, ठसठस, रग, आंबणे हे सगळे तिच्यावर एकाच बिंदूत येऊन बसतात, हा तिचा दोष. आजाराची सर्वांत ठळक खूण, सकाळी उठल्यावर सांधे न हलणे, हिला मराठी वैद्यकीय पुस्तके 'ताठरता' म्हणतात. त्या विद्यार्थिनीच्या घरचा शब्द 'धरणे' असा होता : सकाळी गुडघे धरलेले असतात, उन्हे येईपर्यंत सुटत नाहीत. हा आजार किती वेळ धरतो आणि केव्हा सोडतो, हेच डॉक्टरला विचारायचे असते.

२०११ साली फिलोकामो आणि सहकाऱ्यांनी 'जमार' या नावाने ओळखली जाणारी नवी प्रश्नावली मांडली, आणि तिच्या ५२ देशांतील ५४ भाषांच्या आवृत्त्यांचा वृत्तान्त २०१८ मध्ये 'रुमॅटॉलॉजी इंटरनॅशनल'च्या पुरवणीत आला. रेघेच्या जागी क्रमांक घातलेली एकवीस वर्तुळे आली, म्हणजे पट्टी घेऊन खुणेचे अंतर मोजायला नको. पालकाच्या प्रतीबरोबर मुलाची स्वतंत्र प्रतही आली. ज्याचे दुखते त्याला बोलू देण्याची गोष्ट स्टिलपासून शतकाहून अधिक काळाने येथवर पोचली. आणि कार्यक्षमतेचे पंधरा प्रश्न वाचले तर ध्यानात येते की घर रिकामे झाले आहे. टब नाही, सीरियल नाही, मोटार नाही. सपाट जमिनीवर दहा मीटर धावणे, पाच पायऱ्या चढणे, पुढे उडी मारणे, मूठ उघडणे-मिटणे, मान वळवून मागे पाहणे. उकिडवे बसणेही आहे, एकदाचे. चुकून राहिल्यासारखे एक सफरचंद किंवा सँडविच तेवढे शिल्लक आहे, दाताने तोडायला.

हा तोडगा बुद्धिमान आहे. प्रत्येक भाषेने आपले घर आत आणण्याऐवजी सर्वांनीच आपापली घरे बाहेर ठेवली. वर्नर-कॅम्बेल यांची सूचना एका वेगळ्या दाराने आत आली असेही म्हणता येईल. तुलना सोपी झाली, भाषांतर सोपे झाले. पण आईच्या दृष्टीने प्रश्न बदलला. मूल दप्तर उचलते का, हे तिने रोज पाहिलेले असते. ते दोन्ही हात मानेमागे नेते का, हे तिला बहुधा तेथेच, दवाखान्यात, करवून पाहावे लागेल. जुन्या प्रश्नावलीत साक्षीदार असलेली आई नव्या प्रश्नावलीत परीक्षक होते. आम्हांला जुनी अधिक जवळची वाटते. त्यात आमचा कादंबरीवाचकाचा पूर्वग्रह असेल. औषधाची चाचणी घ्यायची असती तर आम्हीही कदाचित नवीच निवडली असती.

वर्गातला शेवटचा तास त्या पाचव्या चौकोनावर जातो. मूल वयाने लहान असल्यामुळे एखादी गोष्ट करत नसेल, आजारामुळे नव्हे, तर 'लागू नाही' वर खूण करावी, अशी 'चॅक'ची सूचना आहे. विद्यार्थ्यांनी या दोन शब्दांची घरगुती मराठी करून आणली. एकाने लिहिले, 'आमच्याकडे नाही'. त्याच्या मनात टब होता. दुसऱ्याने लिहिले, 'अजून करत नाही'. हा सूचनेला धरून होता. त्या विद्यार्थिनीने लिहिले होते, 'आम्ही करू देत नाही'. सायकलचा प्रश्न होता. भाऊ एकदा पडला होता, तेव्हापासून सायकल माळ्यावर. त्याला चालवता येते की नाही, चालवते की नाही, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तिन्ही उत्तरांसाठी कागदावर एकच चौकोन आहे, आणि गुण काढताना तो सोडून दिला जातो.